पॉटवरचा आकडा वाचला आणि फसलो

गिरगावात आमच्या चाळीत एक काका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. गिटार मांडीवर आडवी, तारांवरून लोखंडी बार सरकवत. ते वेड तेव्हापासूनचं. डलासला आल्यावर पेडल स्टील ऐकली. तीच जात, फक्त पायांवर उभी, आणि पेडल दाबलं की सूर वाजता वाजता वर चढतो. मग काय, पाहिजेच!

जाहिरातीत फेंडर ४०० होती, फेंडर कंपनीची पेडल स्टील. आठ तारा, एक नेक (तारांखालची पट्टी). "१९५०च्या दशकातली असावी" एवढंच लिहिलेलं. काही पुरावा आहे का, विचारलं, तर गृहस्थाने व्हॉल्यूमच्या पॉटच्या, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या सुट्या भागाच्या, पाठीचा फोटो पाठवला. त्यावर शिक्का: ३०४८२१.

इथे माझी हुशारी आडवी आली. हे आकडे मी नुकतेच शिकलो होतो. ३०४ म्हणजे पॉट बनवणारी स्टॅकपोल कंपनी, ८ म्हणजे १९५८, २१ म्हणजे एकविसावा आठवडा. त्या काळी सालासाठी एकच आकडा असायचा, पुढे दोन आले. म्हणजे गिटार अगदी सुरुवातीची! सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने १९६५ साली फेंडर विकत घेतली, त्याआधीच्या मालाला भाव जास्त. घासाघीस न करता १,७०० डॉलर मोजले.

दोन महिन्यांनी एका वयस्कर स्टीलवाल्याकडे पेडलच्या केबल नीट करायला नेली. त्यांनी केबलला हातही लावला नाही. खिशातून टेप काढली, तारांच्या एका टोकाच्या नटपासून दुसऱ्या टोकाच्या ब्रिजपर्यंत धरली आणि म्हणाले, "तेवीस इंच. सुरुवातीच्या साडेचोवीस इंची असायच्या."

मी आकडा पुढे केला. त्यांनी गिटार उलटी करून झाकण उघडलं. व्हॉल्यूमच्या पॉटचं सोल्डर नव्या भांड्यासारखं चकचकत होतं. शेजारच्या टोनच्या पॉटचं मळकट, करडं, आणि त्यावर शिक्का ३०४६६२२. म्हणजे १९६६, बाविसावा आठवडा. फोटो एकाच पॉटचा का आला होता, ते तेव्हा कळलं.

पॉटचा आकडा पॉट कधी बनला तेवढं सांगतो. मूळ पॉट असेल तर गिटार त्याआधीची नाही, एवढंच त्यातून निघतं. नंतरची कितीही असू शकते, आणि जुना पॉट तर कुणीही आणून डकवेल. मला हे माहीत नव्हतं असंही नाही. पण स्वतः उकललेल्या कोड्यावर शंका कोण घेतो? विकत घेण्याआधी नट-ब्रिजचं माप मागा. दोन्ही पॉटचे फोटो मागा, सोल्डर दिसेल असे.

विकणाऱ्याला लिहिलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं: "मी फक्त फोटो पाठवला. साल तुम्हीच काढलंत."

खरंच, त्याच्या एकाही मेलमध्ये १९५८ हा आकडा नाही. सगळीकडे मीच लिहिलाय, एकदा तर उद्गारचिन्हासकट.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने एक फेंडर १००० विकायला आली आहे. पॉटचा फोटो तोच, ३०४८२१. तो पॉट माझ्या गिटारमध्ये आहे.