कॅलिफोर्नियाच्या वाळवंटाचं जुनं तैलचित्र: आठ महिन्यांनंतर, मुख्यतः त्याच्या पाठीबद्दल

फ्रेमचा कोपरा उसवला म्हणून चित्र दुरुस्तीला गेलं आणि पाठीला नवाकोरा कागद लावून परत आलं. जुना तपकिरी कागद फ्रेमवाल्यानं कचऱ्यात टाकला. चित्राच्या पूर्वइतिहासाचा अर्धा पुरावा त्या कागदावरच होता! खरेदीच्या दिवशी पाठीचा फोटो काढला होता, म्हणून निभावलं.

कागदावर जुन्या फ्रेम दुकानाचं लेबल होतं, पत्ता ‘लॉस एंजेलिस 28’. हा 28 म्हणजे हॉलिवुडचा टपाल विभाग. असे क्रमांक 1943 मध्ये आले. 1963 मध्ये झिप कोड (अमेरिकेतले पिनकोड) आले आणि 28 चा 90028 झाला. म्हणजे लेबल साधारण या वीस वर्षांतलं. साधारणच, कारण छापलेली लेबलं संपेपर्यंत वापरली जातात. शिवाय ही तारीख फ्रेमची. चित्र त्याच फ्रेममधलं का, हे कॅनव्हास बोर्डाच्या (पुठ्ठ्यावर चिकटवलेलं कापड, त्यावरच हे चित्र आहे) कडेवरचा फ्रेमच्या खाचेचा ठसा आणि खिळ्यांच्या खुणा जुळवून पाहावं. इथे जुळल्या.

‘पाम स्प्रिंग्जला थेट चित्रकाराकडून घेतलेलं’ हे विक्रेत्याचं म्हणणं. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातल्या या गावी पॉल ग्रिमसारखे वाळवंटाचे चित्रकार राहत होते, तेव्हा अशक्य नाही. पण पावती नसेल तर या वाक्यासाठी एक डॉलरही जास्त देऊ नये.

रंगांबद्दलचं मत मात्र बदललं. सुरुवातीला चित्रातला स्मोक ट्री (वाळवंटातलं एक झाड) हिरवट दिसला आणि चित्रकार कच्चा वाटला. हे झाड खरं तर राखाडी-रुपेरी. फ्रेमखाली झाकलेल्या अर्धा सेंटिमीटर पट्टीत ते तसंच निघालं. दोष पिवळ्या थराचा. ऊर्ध्वपातित पाण्यात किंचित ओलावलेला कापसाचा बोळा कडेला फिरवला तर तपकिरी झाला: धूर आणि मळ. बोळा कोराच राहिला असता तर पिवळेपणा व्हार्निशचा. व्हार्निशला घरी हात लावू नये, आणि रंग सुटत असेल तर पाणीही नको. व्हार्निश आणि सही तपासायला अतिनील टॉर्च 365 नॅनोमीटरचीच घ्यावी. स्वस्त 395 वालीचा जांभळा उजेड सगळं झाकून टाकतो. जुनं नैसर्गिक व्हार्निश हिरवट चमकतं. सही त्याच्यावर काळी तरंगताना दिसली तर ती मागाहून केलेली असण्याचा संशय घ्यावा.

कॅनव्हास बोर्ड म्हणजे शेवटी पुठ्ठाच. मुंबईला नेणाऱ्यांनी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून फट ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात कोपरे फुगतात.

फ्रेमवाल्याकडे देताना पावतीवरच लिहून घ्यावं: लेबल भोवतीच्या कागदासकट कापून, पारदर्शक पॉलिएस्टरच्या पाकिटात घालून नव्या पाठीला लावणे.