पट्टी रोलबॅक झाली तर नोंद राहावी का? ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन की बॅकग्राउंड काम

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनचा सौदा झाला की आडतीवर हिशोबपट्टी बनते. ती डेटाबेसमध्ये साठवताना दोन जोडकामं असतात: पट्टी कोणी, कधी करायला घेतली याची नोंद, आणि शेतकऱ्याला एसएमएस. ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का होणारा किंवा एकत्र मागे जाणारा बदलांचा गट) रोलबॅक झालं, म्हणजे मागे घेतलं गेलं, तर नोंद राहिलीच पाहिजे, एसएमएस मात्र जाता कामा नये. म्हणून नोंदीला ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शन, म्हणजे बाहेरच्यापासून स्वतंत्रपणे पक्कं होणारं ट्रान्झॅक्शन लागतं, एसएमएसला कामांचं टेबल (करायच्या कामांची यादी). आधी हे ठरवा, वेगाचं नंतर बघा.

ओरॅकल डेटाबेसमध्ये नोंदीचं काम सोपं आहे. 8आय आवृत्तीपासून प्रोसीजरच्या (डेटाबेसमध्ये साठवलेल्या कोडच्या) डिक्लेअर भागात ऑटोनॉमस ट्रान्झॅक्शनचा प्राग्मा (कंपायलरला दिलेली सूचना) लिहिता येतो. आतला बदल कमिट (पक्का) किंवा रोलबॅक न करता बाहेर पडलात तर ओआरए-06519 ही एरर येते. बाहेरच्या ट्रान्झॅक्शनने लॉक केलेली (इतरांना बदलता येऊ नये म्हणून धरून ठेवलेली) ओळ आतून बदलायला गेलात तर ओआरए-00060, म्हणजे डेडलॉक (दोघं एकमेकांसाठी अडकून पडणं).

पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये असा प्राग्मा नाही. 11व्या आवृत्तीपासून प्रोसीजरमध्ये कमिट चालतं, पण ते चालू ट्रान्झॅक्शनच कमिट करतं, अर्धवट पट्टीसकट. आधी साधा उपाय बघा: एक्सेप्शन ब्लॉकमध्ये (चुका हाताळणाऱ्या कोडच्या भागात) चूक पकडा, तिथेच नोंद घाला आणि चूक पुढे न फेकता परत या. ब्लॉकमधलं काम मागे जातं, नोंद टिकते. बरेचदा एवढ्यावर भागतं. मात्र पुढे बाहेरूनच रोलबॅक झाला तर नोंदही जाते.

तेही टाळायचं असेल तर डीबीलिंक हे एक्स्टेंशन (जोड सोय). ते त्याच डेटाबेसला नवं कनेक्शन उघडतं. मॅक्स कनेक्शन्सची मूळ मर्यादा 100 आहे. सुगीत 60 सत्रं चालू असली आणि प्रत्येकाने डीबीलिंक उघडलं तर 120 होतात. खरा धोका लॉकचा आहे. बाहेरच्या ट्रान्झॅक्शनने बदललेली ओळ डीबीलिंकमधून बदलायला गेलात की दुसरं कनेक्शन लॉकसाठी थांबतं आणि पहिलं त्याच्या उत्तरासाठी. पहिलं लॉकवर थांबलेलंच नाही, त्यामुळे डेडलॉक शोधणाऱ्या यंत्रणेला काही दिसत नाही आणि दोघंही अडकून पडतात. दुसऱ्या कनेक्शनवर लॉक टाइमआउट 2 सेकंद ठेवाच. नोंदीच्या टेबलाला पट्टीची फॉरेन की (ती पट्टी टेबलात असलीच पाहिजे ही अट) लावू नका: कमिट न झालेली नवी पट्टी त्या कनेक्शनला दिसत नाही, इन्सर्ट फसतो. पट्टी क्रमांक नुसता लिहा.

दुसरा पर्याय: पीजी-बॅकग्राउंड एक्स्टेंशन बॅकग्राउंड वर्करमध्ये, म्हणजे सर्व्हरच्याच वेगळ्या प्रोसेसमध्ये, क्वेरी चालवतं. पण मॅक्स वर्कर प्रोसेसेस मुळात 8 असतात, त्यातच पॅरलल क्वेरीही (अनेक प्रोसेसमध्ये वाटून चालणाऱ्या) येतात आणि आकडा बदलायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो. वर्कर मिळाला नाही तर एरर येते आणि ती पकडली नाही तर पट्टीही जाते. त्यामुळे गर्दीच्या ठिकाणी आम्ही डीबीलिंकच सुचवू.

एसएमएससाठी यातलं काहीच नको. पट्टीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये कामांच्या टेबलात एक ओळ घाला. वेगळा वर्कर प्रोग्राम 'फॉर अपडेट स्किप लॉक्ड'ने (दुसऱ्याने लॉक केलेल्या ओळी सोडून) ओळ उचलेल, 'घेतलं' अशी खूण आणि वेळ लिहून कमिट करेल, मग गेटवेला (एसएमएस पाठवणाऱ्या सेवेला) पाठवेल आणि शेवटी 'झालं' लिहील. लॉक धरून गेटवेच्या उत्तराची वाट बघू नका. लांबलेलं ट्रान्झॅक्शन व्हॅक्यूमला (जुन्या, नको असलेल्या ओळींच्या साफसफाईला) अडवतं. पाठवल्यावर, 'झालं' लिहिण्याआधी वर्कर पडला आणि ती ओळ पुन्हा उचलली गेली तर एसएमएस दोनदा जाऊ शकतो, म्हणून गेटवेची सोय असेल तर प्रत्येक ओळीचा स्वतंत्र आयडी सोबत द्या. वर्करला जागं करायला नोटिफाय (पोस्टग्रेसचा सूचना पाठवणारा आदेश) चांगलं, ते कमिटनंतरच पोचतं. पण ऐकणारं कोणी नसेल तर ते हरवतं, म्हणून वर्करने दर 30 सेकंदांनी टेबल तपासायलाच हवं.