भयपट लिहावा की भुताची मालिका?

ठाण्यात राहून भयकथेवरच पोट भरायचं असेल, तर मालिका आधी हाताला लागते. घोडबंदर रोडला मराठी मालिकांचे सेट आहेत. सिनेमाच्या बैठका बहुतेक अंधेरीत, म्हणजे घाटकोपरला उतरून मेट्रो. नॅरेशन, म्हणजे निर्मात्याला कथा ऐकवणं, ऐनवेळी पुढे ढकललं की पुन्हा तोच फेरा. पैशातही मालिका बरी. प्रक्षेपणानंतर दोन-तीन महिन्यांनी का होईना, एपिसोडमागची रक्कम येत राहते. भयपटाचं मानधन टप्प्याटप्प्यानं मिळतं. त्यातला मोठा हप्ता ‘शूटिंग सुरू झाल्यावर’ असेल तर तो बुडीत धरा. खर्डा दिल्याच्या तारखेशी बांधून घ्या.

तरी माझा कल भयपटाकडे आहे, आणि तो एका कटकटीमुळे. भुताला नियम लागतात. ते कुठवर येतं, कशाला अडतं, काय मागतं? शंभरेक पानांच्या पटकथेत पहिल्या पंचवीस पानांत नियम दाखवता येतो, मध्यावर तो पाळता येतो आणि शेवटी त्याचीच किंमत वसूल होते. मालिकेत गुरुवारी टीआरपी येतो आणि भूत बदलतं. उंबरठा न ओलांडणारी बाई, आकडा पडला म्हणून थेट देवघरात उभी! ती एकदा तिथे पोचली की कुठल्याच बंद दाराची भीती उरत नाही. त्यात बावीसेक मिनिटांच्या भागात प्रत्येक ब्रेकला हूक, म्हणजे प्रेक्षकाला अडकवून ठेवणारा धक्का, हवा. दारामागे तीनदा मांजर निघाली की चौथ्यांदा खरं भूत आलं तरी प्रेक्षक चहा टाकायला उठतो. शिवाय पटकथा एकाची, संवाद दुसऱ्याचे. तुम्ही मुद्दाम ठेवलेली शांतता ‘कोण आहे तिकडे?’नं भरून निघते.

भयपटाकडे वळलात तर नॅरेशनआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशन या लेखकांच्या संघटनेकडे कथेची ऑनलाइन नोंदणी करा. नुसत्या कल्पनेला कॉपीराइट मिळत नाही, म्हणून सीनवार आराखडा तरी नोंदवा. कॉपीराइट कायद्याच्या 2012च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा लेखकाला करारानं सोडून देता येत नाही. हाती प्रत्यक्ष किती पडतं, हा वेगळा विषय.

शेवट आधीच लिहून झालेली, मोजक्या भागांची मालिका मिळाली, तर कदाचित मीही तिकडे झुकेन. घरभाडं डोक्यावर असेल, तर मालिकेचे संवाद घ्या, पटकथा नको. कथेचा ट्रॅक बदलला की आधी पटकथाकाराचा फोन वाजतो, आणि तुमच्या स्वतःच्या खर्ड्याची वेळ तिथेच जाते.