रॉयल म्यूज, लंडन: सोन्याचा रथ झाला, आता लँडो बघा

रॉयल म्यूज म्हणजे बकिंगहॅम पॅलेसची पागा. व्हिक्टोरिया स्टेशनपासून पायी दहाएक मिनिटं. तिकीट काढणाऱ्यांची गर्दी 1762 च्या सोन्याच्या रथापाशी होते. वजन सुमारे चार टन, ओढायला आठ घोडे आणि वेग पायी चालणाऱ्याइतका! पण तो वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. खरं राबतं वाहन म्हणजे लँडो, टप मधोमध उघडून पुढे-मागे दुमडता येणारी बग्गी. वेळ तिच्यापाशी घालवा.

नवा राजदूत राजाला अधिकारपत्र सादर करायला निघतो तो हिच्यातून. सोबत आधीच्या राजदूताला माघारी बोलावल्याचं पत्रही द्यायचं असतं. त्याला न्यायला जातो तो राजदरबारचा अधिकारी, 'मार्शल ऑफ द डिप्लोमॅटिक कोअर'. हे पद 1920 चं. त्याआधी, पहिल्या जेम्स राजापासून, हे काम 'मास्टर ऑफ द सेरेमनीज' बघायचा. या मास्टरच्या सोनसाखळीतल्या पदकावर एका बाजूला तलवार, दुसऱ्या बाजूला ऑलिव्हची फांदी. लढाई असो की तह, मानपान सांभाळणारा तोच.

मार्शलच्या पदावर पूर्वी लष्करी माणसं नेमत. मेजर जनरल सॅलिसबरी-जोन्स (1950–61) यांनी तर पदावर असतानाच हॅम्पशायरात द्राक्षमळा लावला. नाशिककरांनी नोंद घ्यावी. नंतर परराष्ट्र खात्यात मुरलेले लोक आले. 2014 मध्ये आलेले अ‍ॅलिस्टर हॅरिसन त्याआधी झांबियात उच्चायुक्त (राष्ट्रकुलातल्या देशांमधला राजदूत), मग कॅरिबियनमधल्या अँग्विला बेटाचे गव्हर्नर होते.

रस्त्यात अशी बग्गी दिसली तर घोडे मोजा. रिवाजाप्रमाणे राजदूताला दोन, राष्ट्रकुलाच्या उच्चायुक्ताला चार. म्हणजे भारताला चार, अमेरिकेला दोन! जुंपलेले असतात ते तपकिरी 'क्लीव्हलँड बे'. पांढरे 'विंडसर ग्रे' राजघराण्याच्या गाड्यांना. परत पोचल्यावर राजदूतानं घोड्यांना गाजरं भरवायची, हाही शिरस्त्याचाच भाग.

उणी बाजू म्हणजे राजदूताची राजाशी भेट राजवाड्यात होते, ती या तिकिटात नाही. पागा चालू असल्यानं घोडे कामावर गेले की ठाणी रिकामी. शाही समारंभ असला की ऐनवेळी दार बंद होतं, हिवाळ्यात तर बंदच. निघायच्या सकाळी वेबसाइट बघा, आणि मुलांना घोडेच बघायचे असतील तर ते नसतीलही, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.