पॉवर सिक्वेन्सर: घरच्या सेटवर उन्हाळा ते दिवाळी वापरल्यानंतर

सेट जुना आणि मिसळीचा आहे: सीडी प्लेअर, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) प्रीअँप, जो व्हॉल्यूम सांभाळतो, आणि स्पीकर चालवणारा ट्रान्झिस्टरचा वजनदार पॉवर अँप. पॉवर अँपमध्ये स्पीकर वाचवणारा रिले (स्पीकर जरा उशिरा जोडणारा स्विच) नाही, त्यामुळे क्रम पाळावाच लागतो. लावताना अँप सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. मला हे पाठ आहे, पण सकाळी नाट्यसंगीत ऐकायला बाबा बसले की "आधी कुठलं बटण रे?" ठरलेलंच. म्हणून आठ सॉकेटचा सिक्वेन्सर घेतला, म्हणजे एका बटणावर सगळं ठरलेल्या क्रमाने चालू-बंद करणारा डबा.

प्रीअँप सुरू होताना आतले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) चार्ज होतात आणि आउटपुटवर क्षणभर झटका येतो. अँप आधीच चालू असेल तर हा झटकाही तो इमानेइतबारे वाढवतो. 26 डीबी गेन (वाढवण्याचं प्रमाण) म्हणजे व्होल्टेज सुमारे 20 पट. अर्ध्या व्होल्टचे 10 होतात, आणि 8 ओमच्या स्पीकरवर ते साडेबारा वॅट. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून फारसं भागत नाही, कारण झटका बऱ्याचदा व्हॉल्यूमच्या पुढच्या भागातच तयार होतो.

बटण दाबलं की आत टिक, टिक, टिक करत एकेक सॉकेट साधारण सेकंदाच्या अंतराने चालू होतं. बंद करताना उलटं. बाबा खूश.

मी मात्र अर्धाच खूश होतो. पहिल्या आणि आठव्या सॉकेटमध्ये जेमतेम सात सेकंद पडतात. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट तरी हवा. अँप आठव्या सॉकेटवर असूनही वूफरचा, म्हणजे मोठ्या स्पीकरचा, पडदा हळूच पुढे यायचा, थबकायचा आणि मागे जायचा. आवाज नाही, पण जाळी काढून पाहिलं की पोटात गोळा यायचा. सेकंदाचं अंतर हे मुळात सभागृहातल्या साउंड सिस्टिमच्या रॅकसाठी असतं, सगळे ट्रान्सफॉर्मर एकाच क्षणी करंट खेचू नयेत म्हणून.

उपाय सापडला तो ऑडिओच्या दुकानात नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत इलेक्ट्रिक पॅनेलचं काम करणाऱ्या मित्राने आठव्या सॉकेटपुढे ऑन-डिले टायमर (वीज आल्यावर ठरलेला वेळ थांबून पुढे सोडणारा) बसवून दिला, 45 सेकंदांवर. टायमरचे कॉन्टॅक्ट बारीक, म्हणून मागे छोटा कॉन्टॅक्टर (जास्त करंट पेलणारा स्विच). बंद करताना तो लगेच सुटतो, त्यामुळे उलटा क्रमही बिघडत नाही.

टायमरची खरी किंमत पावसाळ्यात कळली. लाईट गेली की सिक्वेन्सरचं काही चालत नाही. आठही सॉकेट एकदम मरतात. अँपच्या मोठ्या कपॅसिटरमध्ये मात्र काही सेकंदांचा जीव उरतो आणि प्रीअँपची शेवटची धडपड धप्प करून ऐकू येते. त्यावर या डब्याकडे इलाज नाही. पण गंगापूर रोडला जोराचा पाऊस लागला की लाईट दोन-तीनदा येते-जाते, तेव्हा टायमर दर वेळी 45 सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजतो. तोवर प्रीअँप सावरलेला असतो. माझ्या मते स्पीकर वाचवले ते या टायमरने, महागड्या डब्याने नाही.

सेट लावताना घरातला एमसीबी (जास्त करंटला आपोआप तुटणारा स्विच) उडतो म्हणून सिक्वेन्सर घेत असाल, तर एकट्या अँपनेच तो उडत असेल तर सिक्वेन्सर निरुपयोगी. इलेक्ट्रिशियनला वायरिंग दाखवून बी ऐवजी सी कर्व्हचा एमसीबी चालेल का विचारा. बी प्रकार त्याच्यावर लिहिलेल्या करंटच्या 3 ते 5 पटीला झटकन तुटतो, सी 5 ते 10 पटीला. डब्यावर छापलेल्या मोठ्या अँपिअरलाही भुलू नका. भिंतीतलं सॉकेट सहसा फार तर 16 अँपिअरचं असतं. शिवाय हा स्टॅबिलायझर नाही. डब्यावरचा मीटर व्होल्टेज दाखवतो, सुधारत नाही.

सॉकेट 'युनिव्हर्सल' म्हणून आपल्या गोल पिना ढिल्या बसतात. वजनदार केबल लटकली की प्लग खाली झुकतो, मला तिथे आधार द्यावा लागला. निळा दिवा इतका प्रखर की त्यावर काळी टेप आहे.

अँप लावल्यावर काही सेकंदांनी आत 'टक्' असा आवाज येत असेल, तर बहुधा रिले आहे; सिक्वेन्सरचे पैसे वाचवा. घ्यायचाच असेल तर दुकानदाराला पहिल्या आणि शेवटच्या सॉकेटला बल्ब लावून बंद करून दाखवायला सांगा. काही स्वस्त डबे लावताना शिस्तीत लागतात, पण बंद होताना दोन्ही बल्ब एकदमच विझतात.