हार्ड डिस्कची एपीएम पातळी : १२८, २५४ की फर्मवेअरवर भरवसा?

लिनक्सचा कर्नल हार्ड डिस्कची एपीएम पातळी (वीज वाचवण्यासाठी डिस्कने किती विसावावे हे सांगणारा आकडा; मोठा आकडा म्हणजे कमी बचत) सहसा स्वतःहून ठरवत नाही. त्यामुळे नव्या सिस्टिमवर डिस्क कधी विसावेल, हे तिच्या फर्मवेअरवर (डिस्कमधल्याच अंतर्गत सॉफ्टवेअरवर) किंवा टीएलपीसारखे वीजबचतीचे एखादे साधन बसवलेले असल्यास त्याच्या सेटिंगवर अवलंबून असते. डिस्कची सेटिंग बदलणाऱ्या एचडीपार्म या कमांडच्या मोजपट्टीवर १ ते १२७ या पातळ्यांत डिस्कचे फिरणे थांबू शकते आणि १२८ ते २५४ मध्ये ते थांबत नाही. मात्र १२८ निवडल्यावर डिस्क अखंड फिरत असली, तरी तिची हेड (वाचन-लेखन करणारी टोके) वारंवार पार्क होऊ शकतात, म्हणजे बाजूला नेऊन ठेवली जाऊ शकतात, आणि झीज नेमकी तिथे होते.

एक्स्ट४ फाइलसिस्टिम डिफॉल्टनुसार दर ५ सेकंदांनी साचलेले बदल डिस्कवर उतरवते. फर्मवेअर काही सेकंदांतच हेड पार्क करणारे असेल, तर जरा कुठे पार्क झालेली हेड पुढच्या लेखनासाठी लगेच परत आणावी लागतात. पार्क होऊन परत येण्याची मिनिटाला एकच फेरी धरली, तरी दिवसाला १,४४० फेऱ्या होतात आणि ३ लाख फेऱ्यांसाठी बनवलेली डिस्क सुमारे २०८ दिवसांत ती मर्यादा गाठते. म्हणून काहीही बदलण्यापूर्वी डिस्कच्या तब्येतीची माहिती देणारी स्मार्टसीटीएल ही कमांड चालवून १९३ क्रमांकाचा लोड सायकल काउंट, म्हणजे या फेऱ्यांची मोजणी, पाहावा आणि तासाभराने पुन्हा पाहावा. तो जेमतेम हलत असेल, तर फर्मवेअरला हात लावण्याचे कारण नाही.

लॅपटॉपसाठी टीएलपीच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये दिसणारी जोडी, म्हणजे चार्जरवर २५४ आणि बॅटरीवर १२८, मला समंजस वाटते. घरच्या चोवीस तास चालणाऱ्या सर्व्हरवर मात्र २५४ च ठेवावे. काही डिस्क एपीएम मानतच नाहीत, त्यांच्यावर हा पर्याय निरुपयोगी ठरतो.

बॅकअपची डिस्क दिवसातून एकदाच लागत असेल, तर तिला थांबवणे योग्यच आहे, पण त्यासाठी एपीएम कमी करण्यापेक्षा स्टँडबायची वेळ, म्हणजे किती वेळ वापर नसला की डिस्कने थांबावे ते, ठरवावी. एचडीपार्मला ही वेळ सांगण्याचे आकडे फसवे आहेत : १२० म्हणजे १० मिनिटे, २४१ म्हणजे अर्धा तास आणि २४२ म्हणजे एक तास. माझ्या मते अर्ध्या तासाहून कमी वेळ ठेवू नये, कारण मोटर पुन्हा पुन्हा सुरू होणे हाही डिस्कवरचा ताणच आहे. डिस्कची तब्येत वेळोवेळी तपासणारी स्मार्टडी ही सेवा चालू असल्यास झोपलेली डिस्क तपासणीसाठी जागी होणार नाही, अशी सूचना तिच्या कॉन्फिगरेशनमध्ये द्यावी.

वीज गेली की ही मूल्ये बहुतेक डिस्क विसरतात. म्हणून डेबियन लिनक्सवर ती एचडीपार्मच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये नोंदवावीत, आणि तिथे ‘एसडीए’सारखे बदलू शकणारे नाव न देता डिस्कच्या अनुक्रमांकासह येणारे स्थिर नाव द्यावे.