इवान स्तोदोलाच्या नाटकांचं सेकंडहँड पुस्तक : आठ महिन्यांनंतर

परवा रात्री पुस्तकाचा कणा तडकला म्हणून आज लिहायला बसलोय.

मी स्लोव्हाकियात झिलिनाला नोकरीला आहे, मूळचा टर्बाइनवाला. स्टीम टर्बाइन शिकलेल्यांना ऑरेल स्तोदोला माहीत असतोच, झुरिचचा प्रोफेसर. जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते आडनाव दिसलं आणि 7 युरोला उचललं, घरी येऊन बघतो तर स्लोव्हाक नाटकं! हा इवान, ऑरेलचा पुतण्या, 1888 चा जन्म, इथून रेल्वेने तासाभरावरच्या लिप्तोव्स्की मिकुलाशचा. मेडिकल बुडापेस्ट आणि बर्लिनला, मग डॉक्टरकी, त्यातही क्षयरोगाचं काम. पहिलं गाजलेलं नाटक 1926 मध्ये, म्हणजे अडतिशीत.

आता तक्रार. बाइंडिंग इतकं घट्ट की डाव्या पानांवर ओळींची शेवटची अक्षरं शिवणीत गेलेली. मराठीत एखादं अक्षर गेलं तरी अंदाजाने वाचता येतं, पण स्लोव्हाकमध्ये मला तसा अंदाज येत नाही, आणि विभक्ती इथेही शब्दाच्या शेपटीलाच असते. ईवा म्हणजे ईवा, ईवू म्हणजे ईवाला. शेपूटच दिसली नाही तर कोणी कोणाला काय केलं ते कसं कळणार? ‘बाचोवा झेना’ (1928), म्हणजे बाचाची (मेंढपाळाची) बायको, वाचताना मी तीन महिने दर डाव्या पानाला अडकायचो. डिक्शनरी, मोबाइलचं ट्रान्सलेशन, सगळं करून झालं, कॅमेऱ्याला तरी शिवणीतलं काय दिसणार? दुकानदाराकडे गेलो तर म्हणाला जुनं पुस्तक आहे, परत घेत नाही. बाइंडर 18 युरो मागत होता. 7 च्या पुस्तकाला 18 मी देणार नाही, आणि हे दुकानदाराने विकताना सांगायला हवं होतं हे माझं मत अजून तसंच आहे.

त्या वेळी मी याला दोन स्टार दिले असते.

पण परवा कणा तडकला, पानं सुटी झाली आणि शिवणीतली अक्षरं बाहेर आली! त्याच रात्री ‘बाचोवा झेना’ पहिल्यापासून परत वाचलं. बाचा म्हणजे नुसता मेंढपाळ नाही, डोंगरावरच्या मेंढवाड्याचा प्रमुख, हाताखाली गडी, चीज करणं त्याच्याकडे. हा ओंद्रेय कमवायला अमेरिकेला जातो, तिकडून तो मेल्याची बातमी येते, त्याची बायको ईवा मिशोशी लग्न करते, आणि ओंद्रेय जिवंत परत येतो. मी इतके दिवस दोषी कोण ते शोधत होतो आणि वाटायचं उत्तर शिवणीत अडकलंय. सगळी अक्षरं दिसल्यावर कळलं की दोषी कोणीच नाही. ओंद्रेय घरासाठी गेला, मिशोने तिला आधार दिला, ईवाने कोणाला फसवलं नाही, आणि तरी शेवटी ती जीव देते. मला यात डॉक्टर दिसतो. क्षयाच्या पेशंटला तुझं काय चुकलं असं विचारून काही होत नाही हे ज्याने रोज पाहिलं त्यानेच हे लिहावं. पहाटे दोनपर्यंत जागा होतो.

विनोदी नाटकांत मात्र हाच माणूस कोणाला सोडत नाही. ‘चाय उ पाना सेनातोरा’ (1929), म्हणजे सिनेटरसाहेबांकडे चहा, हे शीर्षक मी डिक्शनरीशिवाय वाचलं, चहाला इथे चायच म्हणतात, इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं. सिनेटर व्हायला निघालेल्या माणसाची गोष्ट. ‘योश्को पूचिक’ (1931) अर्धं झालंय, साधा कारकून, चोरीचा खोटा आळ येतो, आणि सज्जन असताना ज्याला कोणी विचारत नव्हतं त्याला चोर ठरल्यावर मान मिळायला लागतो.

बाइंडिंगला एक स्टार, नाटकांना पाच. घेणार असाल तर दुकानदाराकडून आधी डाव्या पानाचा, शिवणीजवळचा फोटो मागवा. माझी प्रत आता बुटाच्या खोक्यात सुटी ठेवलीये, पानांवर पेन्सिलीने नंबर घातलेत आणि बाइंडरकडे ती जाणार नाही.